मटारच्या शेंगा आणि चार वर्षांची बोटं

हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की घरोघरी परातभर शेंगा सोलायला बसतात. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर ते हमखास येऊन परातीत हात घालतं. आपण म्हणतो, "तू नको, सांडशील. जा, खेळ तिकडे." मूल हलत नाही. शेवटी त्याच्या हातात मोबाइल जातो आणि परात सुखरूप राहते.

मी बरीच वर्षं बालवाडीतल्या मुलांमध्ये काढली. भेटायला येणाऱ्या पालकांचा प्रश्न साधारण एकच असायचा : "बाई, घरी याच्याकडून काय करून घेऊ?" मी एखादी वही सांगावी, तक्ता सांगावा, क्लासचं नाव सुचवावं अशी त्यांची अपेक्षा असे. मी मटारच्या शेंगा सांगायची. काहींना वाटायचं, बाई टाळतायत. पण एका शेंगेत किती काम आहे ते बघा. ती दोन्ही हातांनी धरायची, अंगठ्यानं शिवण दाबायची, टचकन उघडली की आतले दाणे एकेक करून ढकलायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांची हीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार आहे. दाणे पातेल्यात, सालं सुपात, म्हणजे वेगळं करणं आलं. हिच्यात सात निघाले, तिच्यात चारच, म्हणजे मोजणं आलं. "ही बघ, पोचट निघाली" म्हटलंत की एक नवा शब्द आला, आणि तो शब्द बोटांनी दाबून बघितलेला असल्यामुळे कायमचा आला. शिवाय दहा मिनिटं एका जागी बसणं झालं, तेही कुणी "बस" न म्हणता. एवढं मात्र सांभाळा : मुलाला दाण्यांपाशी एकटं सोडू नका. मटार, चिंचोके, शेंगदाणे नाकात-कानात घालायची या वयात फार हौस असते, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात ते अडकूही शकतात.

ही वाट काही माझी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मॉन्टेसरी पद्धतीचं महागडं साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य मानलं. मुलं बालवाडीत येत नव्हती, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. ज्या बायकांनी एवढं काही नसताना एवढं केलं, त्यांच्या महाराष्ट्रात आज तीन वर्षांच्या मुलाला शिकवायला काही विकत आणावंच लागतं असं आईवडिलांना वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा घरातली कामं वाटून द्या. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायला दोन-अडीच वर्षांचं मूलही बसतं. रुमालाची घडी, दोरीवरचे चिमटे काढणं, तुळशीला छोट्या तांब्यानं पाणी घालणं, पोळीच्या कणकेची एक लाटी, जेवायच्या वेळी माणशी एक ताट आणि ताटागणिक एक वाटी मांडणं. हे शेवटचं काम तर अंकगणिताची पहिली पायरी आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. "पाच जणांना पाच वाट्या आण" म्हटलं की तीच मुलं ओंजळभर वाट्या घेऊन येतात. त्यांना आकड्यांची नावं येतात, आकडा यायचा असतो. काम देताना भांडं लहान द्या, पाणी अर्धंच भरा आणि पुसायचं फडकं हाताशी ठेवा. सांडलं तर त्यानंच पुसायचं, न रागावता. आणि त्यानं घातलेली वाकडी घडी त्याच्यासमोर उलगडून पुन्हा घालू नका.

आता हट्टाकडे येते, कारण पालकांची निम्मी झोप तो उडवतो.

दीड ते चार या वयात मूल भोकाड पसरतं, दुकानात लोळण घेतं, डोकं आपटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी याचा जोर सगळ्यांत जास्त असतो. हवं काय ते त्याला कळू लागलेलं असतं, पण ते नेमकं सांगायला शब्द पुरे पडत नाहीत. आणि उसळलेल्या रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला माणसाला विशी ओलांडावी लागते. म्हणजे जे काम आपल्याला चाळिशीतही रोज जमत नाही, ते आपण तीन वर्षांच्या जिवाकडून मागतो. म्हणून हट्ट सुरू झाला की आधी घड्याळ बघा. जेवून किती वेळ झाला? दुपारची झोप झाली का? लग्नघरातून, मॉलमधून, पाहुण्यांच्या गराड्यातून आताच आलोय का? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं, आणि मग उपदेशापेक्षा वरणभात लवकर कामाला येतो.

वादळ उठलंच, तर त्या वेळी काही शिकवायला जाऊ नका. रडणाऱ्या मुलाला तुमची वाक्यं ऐकू येतात, पण आत जात नाहीत. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या, आवाज आपल्या नेहमीच्या आवाजापेक्षा खाली आणा. "तुला ती गाडी हवी होती. नाही मिळाली. खूप राग आलाय." इतकंच. मग जवळ थांबा. मारत असेल तर हात धरा, "मारू देणार नाही" म्हणा, पण धरलेला हात दुखेल असा पिळू नका. आणि गाडी देऊ नका. दहा मिनिटं रडल्यावर दिलेल्या गाडीतून मूल एवढंच शिकतं की दहा मिनिटं रडावं लागतं. देणारच असाल तर पहिल्याच मिनिटाला, हसत द्या. चारचौघांत हे कठीण जातं, मला माहीत आहे. बाजूच्या काकू बघत असतात, सासूबाई "अगं दे ना एकदाचं" म्हणत असतात. मुलाला उचलून बाजूला, जरा शांत जागी न्या. तिथे प्रेक्षक नसतात आणि तुमचाही जीव थाऱ्यावर येतो.

वादळ उठण्याआधी करता येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. बागेतून निघताना "चल, उशीर झाला" म्हणून हात ओढला की रडारड ठरलेली. "अजून तीन वेळा घसरगुंडी, मग घरी" असं सांगा आणि तीनच मोजा. घड्याळातली पाच मिनिटं त्याला कळत नाहीत, तीन घसरगुंड्या कळतात. "अंघोळीला येतोस का?" असं विचारूच नका, कारण अंघोळ तर करायचीच आहे, "आज बादलीतून की शॉवरखाली?" हे विचारा. "पळू नको" ऐकल्यावर मुलाच्या कानात 'पळ' एवढंच राहतं, त्यापेक्षा "माझं बोट धरून चाल" हे सोपं. आणि चांगलं वागलेलं दिसलं की ते बोलून दाखवा, पण नुसतं "शहाणं गं माझं बाळ" म्हणून सोडून देऊ नका. "ताईला आधी झोका दिलास, मग तू बसलास" असं म्हटलं तर त्याला नेमकं काय केलं ते समजतं आणि उद्या पुन्हा करता येतं.

मारण्याबद्दल मला आडपडदा न ठेवता लिहायचं आहे. शाळेत मुलाला मारायला किंवा मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरातल्या चापटीला मात्र आपण 'वळण लावणं' म्हणतो. चापटीनं मूल त्या क्षणी थांबतं, हे खरं. थांबतं ते भीतीनं. आणि राग आला की मोठ्यांनी लहानांना मारायचं असतं हा धडा घेऊन ते धाकट्या बहिणीकडे वळतं. "पोलिस पकडून नेतील", "डॉक्टर सुई टोचतील", "बागुलबुवा आला" यांतलं कुठलंही धाकाचं वाक्य घरात नको. ज्या दिवशी खरोखर हरवेल त्या दिवशी त्यानं पोलिसांकडेच जायला हवं आहे, आणि ताप आला की डॉक्टरांकडेच. "मी तुला सोडून निघून जाईन" हे तर चुकूनही म्हणू नका. आपल्याला ती रागातली धमकी वाटते. चार वर्षांचं मूल ती खरी धरतं आणि रात्री झोपेत आईचा पदर मुठीत धरून ठेवतं. तोल गेला, हात उठला असं झालंच, तर शांत झाल्यावर मुलाजवळ जाऊन सांगा : "मी रागात मारलं, ते चुकलं." यानं तुमचा धाक कमी होत नाही, आणि चूक कशी कबूल करायची हे त्याला घरातच बघायला मिळतं.

भाषेला मी सगळ्यांत जास्त वेळ द्यायला सांगते, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नसते. अंघोळ घालताना, भाजी चिरताना, रिक्षातून जाताना बोला, आणि मुलाला बोलू द्या. पुष्कळ पालक बोलतात, पण परीक्षकासारखे : "हा कुठला रंग? हा कुठला प्राणी? काकांना सांग!" मूल दमतं. त्यानं "भूभू" म्हटलं की आपण एक पाऊल पुढे न्यावं : "हो, काळा भूभू. झोपलाय बघ पायरीवर." मग थांबा. मनात पाच आकडे मोजा. लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या आकड्यालाच पुढचं वाक्य टाकतो. त्यानं "मी गेलतो" म्हटलं तर "असं नाही म्हणायचं" म्हणून त्याचं वाक्य मोडू नका, "हो का? तू कुठे गेला होतास?" असं म्हटलं की बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. तीन-चार वर्षांची काही मुलं मध्येच अडखळायला लागतात. विचार जिभेच्या पुढे पळत असतात. बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं, फक्त "सावकाश बोल, नीट बोल" असा धोशा लावू नका. आपणच सावकाश बोलावं. अडखळणं सहा महिन्यांहून अधिक रेंगाळलं, किंवा बोलताना मूल चेहरा ओढू लागलं, तर वाचातज्ज्ञांना दाखवा.

घरात कुठली भाषा बोलायची, हा प्रश्न मला पुण्यातले आईबाप विचारतात तसे अमेरिकेत राहणारेही फोनवर विचारतात. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, रात्री दिवा मालवल्यावर गोष्ट सांगता येते, त्या भाषेत बोला. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं असं नाही. मराठी घरात "बेटा, ॲपल ईट कर" असं बोलण्यानं मात्र ना धड मराठी येत ना इंग्रजी. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोकणी, जी घरची बोली असेल ती खुशाल बोला. आजीच्या बोलीत जे शब्द आहेत ते कुठल्याही तक्त्यात नाहीत.

आणि गोष्टी सांगा. एकच गोष्ट पन्नास वेळा मागितली तर पन्नास वेळा सांगा. पुढे काय होणार हे माहीत असण्याचा आनंद त्याला हवा असतो; म्हणूनच चिमणीच्या गोष्टीतला एक शब्द बदललात तरी ते तुम्हाला टोकतं. वीसेक वेळा सांगून झाली की मध्येच थांबा आणि पुढचं वाक्य त्याला म्हणू द्या.

आता लिहिण्याबद्दल, कारण इथे घराघरांत लहान मुलांचे हाल होतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार वर्षांच्या मुलाची त्यांतली काहीच पक्की झालेली असतात, बाकीची अजून मऊ कूर्चाच असते. रेषांचंही ठरलेलं वेळापत्रक असतं : साधारण तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं, चारच्या सुमारास अधिकाच्या खुणेसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा, त्यानंतर चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. आता 'क' बघा. उभी रेघ, तिच्या एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला वळलेली शेपटी, वर आडवी शिरोरेषा. ज्याला अजून दोन रेषा छेदता येत नाहीत त्याच्याकडून आपण पानभर 'क' गिरवून घेतो आणि पेन्सिलीची पकड चुकली म्हणून बोटं दाबतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं तीन ते आठ ही पाच वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली आहेत आणि त्यात शिकणं खेळातून व्हावं असं म्हटलं आहे. शाळा गृहपाठ देत असेल तर शिक्षकांशी जाऊन बोला. बोलायला पालक बिचकतात, पण चार पालक मिळून गेलात तर ऐकतात. घरी त्या ऐवजी ओल्या मातीत काडीनं रेघा, फरशीवर खडू, ताटातल्या रव्यावर बोट, कणकेच्या वळकट्या, दाराशी रांगोळीचे ठिपके. झाडावर चढणं, दोरीला लोंबकळणंही यातच आलं. खांद्यात जोर आल्याशिवाय बोटं स्थिर होत नाहीत.

जेवणाबद्दल थोडकंच सांगते. बाळाचं वजन पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होतं. दोन ते पाच या काळात ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. त्यामुळे वर्षाच्या बाळासारखी भूक तीन वर्षांच्या मुलाला लागत नाही, आणि आई म्हणते, "काही म्हणजे काही खात नाही हो." काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटं आणि वाटीवाटीनं दूध चालू असेल तर ते आधी कमी करा. वजन-उंचीची नोंद अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे ठेवा. त्या नोंदीची रेषा नीट चढत असेल तर घास मोजू नका.

झोपेचा हिशोब मात्र कागदावर करूनच बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून 10 ते 13 तास झोप लागते. आपल्याकडे बाबा नऊला येतात, जेवण साडेनऊला, मूल अकराला झोपतं आणि शाळेसाठी सातला उठवलं जातं. झाले आठ. दुपारी दोन तास झोपलं तरी जेमतेम दहा, आणि दुपारची झोप गेली की तेही गेले. मूल चिडकं आहे असं मला सांगणाऱ्या कितीतरी घरांत मी आधी एवढंच सुचवलं : मुलाचं जेवण साडेसातला उरका, नऊला दिवा घालवा. बाबांची भेट सकाळी होऊ दे.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये सांगितलेलं जवळपास सारखंच आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी शेजारी बसून. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं यात मोडत नाही, ते करावंच. माझा आग्रह जेवताना आणि झोपताना अजिबात नको, एवढ्या दोन वेळांवर आहे. आधीच सवय लागलेली असेल तर एका दिवसात तोडू नका; आधी रात्रीचं जेवण मोबाइलशिवाय, ते आठवडाभर जमलं की दुपारचं. पहिले तीन-चार दिवस मूल नीट जेवणार नाही. घाबरू नका, उपाशी राहत नाही.

या सगळ्यात घरातल्या मोठ्या माणसांचं एकमत लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. आई नाही म्हणते, आजी लपवून देते. सगळ्यांनी बसून तीनच नियम ठरवा, जास्त नकोत : मारायचं नाही, जेवताना मोबाइल नाही, नऊला झोप. बाकीच्या बाबतीत आजीचं घर आजीचं राहू द्या. तिथे लाडू जास्त मिळतात म्हणून कुठलं मूल बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. दिवसभर नातवंड सांभाळणाऱ्या आजीला मुलासमोर टाकून बोलू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

शेवटी, वाट कधी बघायची आणि कधी बघायची नाही. प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते, महिना-दोन महिने मागेपुढे होतंच. पण दीड वर्षापर्यंत मूल बोट दाखवून काही सांगत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतेक कळतच नसेल, तर थांबू नका. आलेले शब्द गेले, हसणं-बघणं कमी झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा, मग वय काहीही असो. "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला" ही वाक्यं प्रेमानं म्हटली जातात, आणि त्यांच्यात मोलाची दोन वर्षं निघून जातात. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कान सगळ्यांत आधी तपासून घ्या. टाळी वाजवल्यावर वळतं म्हणून नीट ऐकू येतं असं होत नाही. माता-बाल संरक्षण कार्डात कुठल्या वयात मुलानं काय करावं याची चित्रं असतात, लसीच्या नोंदी झाल्या की ते कपाटात टाकू नका. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते, आणि गरज पडली तर पुढचे उपचार करणारं केंद्र जिल्हा पातळीवर असतं. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. मूल जेवताना, भावंडाबरोबर खेळताना, स्वतःशी बडबडताना, त्याच्या नकळत. अनोळखी खोलीत मूल आईच्या कुशीत तोंड खुपसून बसतं आणि डॉक्टरांना त्याचा आवाजसुद्धा ऐकायला मिळत नाही. त्या व्हिडिओतून त्यांना ते घरात कसं असतं ते दिसेल.